गुहेतल्या मुलीला आणायला

माझे काका पाल दिसली की खुर्चीवर चढतात. आणि हे गृहस्थ लहान मुलांसाठी जंगलातल्या साहसकथा लिहितात! एकटी पडलेली मुलगी, चहूकडे रान, सोबतीला एक चाकू आणि अक्कल. जन्मभर त्यांनी टपालावर शिक्के मारले. रान पाहिलं ते खिडकीतल्या कुंड्यांत.

त्या गोष्टी खऱ्या वाटायच्या त्या काकूमुळे. काकू शिवणकाम करायची. संध्याकाळी काका स्वयंपाकघरात नवं प्रकरण वाचायचे आणि ती काजं करता करता मधेच विचारायची, "अहो, नदीतून आली ना ती? मग मोजे वाळवले कुठं?" तिथंच काकांचं घोडं पेंड खायचं. मुकाट्यानं खोडायचे, पुन्हा लिहायचे. एका बाबतीत मात्र भलतेच हट्टी. "मदतीला कुणी येणार नाही. तिचं तिनंच बाहेर पडायचं. नाहीतर ते साहस कसलं?"

आता काकूच्या मनातून एकेक माणूस निघून गेलं आहे. मी वरच्याच मजल्यावर राहते, तर मला ती औषधाच्या दुकानातली बाई समजते. काकांनाही ओळखत नाही. पण ते वाचायला लागले की शेजारी येऊन बसते, डोळे चमकतात. तेवढा वेळ ती आमची असते.

परवा वाचन झाल्यावर काका चष्मा पुसत होते, तेवढ्यात ती दार उघडून निघून गेली. बागेच्या कुंपणापाशी सापडली, तेव्हा कुठं आमच्या जिवात जीव आला. "पोर गुहेत एकटीच आहे हो," ती मला समजावत होती, "तिला आणायला नको?"

मी काकांवर डाफरले. "पुरे झाल्या तुमच्या गोष्टी! पुन्हा गेली आणि सापडलीच नाही तर?"

"वाचणं थांबवलं तर इथं बसल्या बसल्या हरवेल गं," काका म्हणाले. मला रडू आलं.

काल ते पुन्हा वाचायला बसले. मी दाराजवळ. किटलीच्या वाफेनं खिडकी धुरकटली होती, आणि खरं सांगते, पलीकडे रस्ता नसून झाडं असावीत असं मलाही वाटू लागलं. गुहेत थंडी वाढली. काकू उठली, कडीला हात घातला.

काका वाचतच राहिले. पण मला पान दिसत होतं; पुढं कोरं होतं.

"...तेवढ्यात पावलं वाजली. धुक्यातून एक बाई आली. तिनं मुलीचे गार पाय मांडीवर घेतले, चोळले. मुलगी म्हणाली, किती उशीर केलास! मग दोघी घरी गेल्या."

जन्मभराचा हट्ट असा एका दमात गेला. काकूनं कडी सोडली.

"पोचली?"

"पोचली. झोपलीसुद्धा."

काकू परत येऊन बसली. बराच वेळ काकांकडे बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, पण मायेनं.

"आणि तुम्ही हो? तुम्हाला न्यायला कुणी येणार आहे का?"

"वाट बघतोय," काका म्हणाले.

"मग तोवर मी थांबते," काकू म्हणाली, आणि तिनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.