ताईबाईचं बिऱ्हाड आणि बावट्या

ताईबाईने चार बाळंतपणं काढली, वाचलेल्या दोघांची लग्नं लावली, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं तीन वर्षं सगळं केलं. पण वैताग म्हणजे नेमकं काय, हे तिला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही एका कुत्र्यामुळे.

१९७६ सालच्या मे महिन्याच्या ३१ तारखेला, सोमवारी, तिचा नवरा चांगदेव सोनवणे दौंड स्टेशनातून निवृत्त झाला. हार झाला, पेढे झाले, आणि क्वार्टर जुलैअखेर रिकामं करून द्यावं असा कागदही झाला. मुलगा पोपट पुण्याला ताडीवाला रोडवर राहत होता, मुलगी ललिता सोलापूरला दिली होती. दोघांचीही पत्रं आली होती, की इकडेच या. इतर कुठल्याही घरात हा प्रश्न एका संध्याकाळी सुटला असता. चांगदेवने मात्र गळ्यातला हार काढायच्या आधीच जाहीर केलं, "बावट्याला मानवंल त्या शहरात जायचं."

"आन् मला?" ताईबाईने विचारलं.

"तुझं काय, तू कुठंबी ऱ्हातीस."

हे खरं होतं, म्हणूनच ते तिला जास्त लागलं. पंधराव्या वर्षी ती तळेगाव ढमढेऱ्याहून या क्वार्टरमध्ये आली, तेव्हाही तिला कुणी विचारलं नव्हतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे हातभर अंगण आणि अंगणाच्या तारेपलीकडे रूळ. इंजिनाच्या धुराने तिचं एकही पांढरं लुगडं कधी पांढरं राहिलं नाही. बत्तीस वर्षं तिने गाड्यांच्या वेळेवर भाकऱ्या थापल्या. आता तरी पुढचं घर आपल्याला विचारून होईल, असं तिच्या मनात होतं. तिथे कुत्र्याचा नंबर आधी लागला.

चांगदेवचं काम गार्डांच्या पेट्या उचलण्याचं. प्रत्येक गार्डाची आपली एक लोखंडी पेटी असते; तिच्यात कंदील, बावटे, औषधपाणी, कागद. गार्ड बदलला की एक पेटी शेवटच्या डब्यातून उतरवायची आणि दुसरी चढवायची. तीस वर्षं चांगदेवने त्या पेट्या डोक्यावरून नेल्या. आठ वर्षांपूर्वी यार्डात एका वॅगनखाली त्याला हे पिल्लू सापडलं. तांबूस रंग, एक कान मोडलेला, आणि शेपटी कायम उभी, गार्डाच्या बावट्यासारखी. म्हणून नाव बावट्या. पेटी निघाली की बावट्या पुढे पळत जाऊन बरोबर गार्डाच्या डब्यापाशी बसायचा, आणि गार्डलोक त्याला पाव, बिस्किट, कधी अंड्याचा तुकडा टाकायचे. पुण्यापासून सोलापूरपर्यंत आणि वर मनमाडपर्यंत असा गार्ड नव्हता, ज्याने बावट्याला काही खाऊ घातलं नव्हतं.

तर शहर निवडायचं होतं. चांगदेव पुण्याला शेकडो वेळा गेलेला, पण स्टेशनच्या दाराबाहेर फारसा पडलेला नाही. त्याच्या लेखी पुणं म्हणजे सहा फलाट. सोलापूर म्हणजे लांब फलाट आणि पाण्याची बोंब. रोज संध्याकाळी तो दारात बसून तोलूनमापून बोलायचा. "पुण्याला म्युनिसिपालटीची कुत्री धरायची गाडी फिरती. सोलापूरला ऊन. बावट्याला ऊन सोसत न्हाई."

"मला सोसतंय ना?" ताईबाई आतून म्हणायची. चांगदेव बावट्याच्या पाठीवरून हात फिरवत राही.

सगळी चाळ सल्ले देऊ लागली. शेजारची दगडाबाई म्हणाली, "कुत्रं माझ्याकडं ठिवा आन् तुमी जावा सुखानं." ताईबाईला हे सोन्यासारखं वाटलं. चांगदेव दोन दिवस दगडाबाईशी बोलला नाही.

शेवटी ताईबाई म्हणाली, "बसून काय कळायचं? चार दिवस ऱ्हाऊन बघू."

१२ जूनला, शनिवारी, ते पुण्याला निघाले. निवृत्ताच्या पासावर बायको चालते, कुत्रं चालत नाही. तेव्हा चांगदेवने पार्सल ऑफिसात बावट्याची रीतसर पावती फाडली. गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी जाळीदार कप्पा असतो; त्यात बसायला बावट्या काही केल्या तयार होईना. आठ वर्षं तो डब्याबाहेर मानाने बसला होता. गाडी सुटेपर्यंत चांगदेव जाळीतून त्याची समजूत घालत होता आणि ताईबाई डोक्यावर वळकटी घेऊन फलाटावर उभी होती. सुनेसाठी बांधलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचं तेल तिच्या पाठीवरून उतरत होतं.

पोपटच्या खोलीत सहा माणसं. बावट्याला जिन्याखाली बांधलं. तिसऱ्या दिवशी बावट्या नाहीसा झाला. चांगदेव जेवेना. पोपटने रजा टाकली, ताईबाई परक्या गल्ल्यांतून "बावट्याऽ, बावट्याऽ" ओरडत फिरली आणि तिथल्या पोरांनी तिच्या मागून तशाच हाका मारून घेतल्या. म्युनिसिपालटीच्या गाडीची चौकशी झाली. दोन दिवसांनी दौंडहून निरोप आला, की बावट्या सुखरूप आहे, दगडाबाईकडे भाकरी खातो आहे.

परत आल्यावर उलगडा झाला. गार्ड ब्रगांझा स्वतः क्वार्टरवर आले, छाती पुढे काढून. मूळचे गोव्याचे, जन्म गेला रेल्वेत. बोलणं सगळ्या स्टेशनांचं मिळून झालेलं.

"चांगदेव! पूना स्टेशनवर पाहिलं मी त्याला. एकदम लावारिस! मी म्हटलं, अरे, ये तो अपना दौंडवाला आहे! लगेच माझ्या डब्यात घेतला. रस्त्यात आम्लेट पण दिलं."

चांगदेवने त्यांचे हात धरले. डोळ्यांत पाणी. "साहेब, उपकार झालं."

"कसला उपकार? तीस साल तू आमच्या पेट्या उचलल्या. तुझा कुत्ता आम्ही नाही उचलणार?"

ताईबाईने चहा टाकला. रागाने टाकलेला चहा बरा होणार नाही हे तिला टाकतानाच कळलं होतं.

मग सोलापूर. ललिताच्या घरी अंगण होतं, चिंचेचं झाड होतं. जावई कापडाच्या मागावर कामाला, गरीब स्वभावाचा. विहीणबाई म्हणाल्या, "ऱ्हावा की. कुत्रं काय, आमच्याकडं माणसंबी भुंकत्यात." ताईबाईला घर आवडलं. तिने चिंचेखाली आपली जागासुद्धा मनात धरली; सकाळी इथे बसून भाजी निवडायची. पाचव्या दिवशी दोरी दातांनी तुटलेली सापडली. या वेळी ताईबाई कुठेही शोधायला गेली नाही. ती म्हणाली, "दौंडला असंल." आणि तो होता. एका मालगाडीच्या गार्डाने आणला होता, आणि उतरल्यावर दगडाबाईच्या दारात बांधून, वर बजावूनही गेला होता, "सोनवण्याला सांगा, कुत्रा सांभाळता येत नसंल तर पाळू नका."

सोलापूरहून परतीच्या गाडीत चांगदेव म्हणाला, "किती जीव लावत्यात न्हाई लोकं?" ताईबाईने खिडकीकडे तोंड केलं ते दौंड येईपर्यंत.

जुलैची पंधरा तारीख उलटली. क्वार्टर ज्याला मिळालं होतं तो भैरू, चांगदेवच्याच जागी लागलेला, रोज येऊन नम्रपणे दारात उभा राही. बायको पोटुशी होती. "घाई न्हाई मामा," म्हणायचा, आणि नजर भिंतींवर फिरवायचा, कुठे खिळे आहेत ते बघत. ताईबाईला त्याचा राग येई आणि त्याच्या बायकोची दयाही येई.

एका दुपारी तिने डोक्यावर पदर घेतला आणि गार्डांच्या विश्रांतीच्या खोलीत सरळ जाऊन उभी राहिली. बत्तीस वर्षांत तिथे ती कधी गेली नव्हती. आत पाचसहा गार्ड पत्ते खेळत होते. तिला पाहून सगळे उठले.

"जय भीम, साहेब. एक इनंती हाय. आमचं कुत्रं आता कुणी उचलायचं न्हाई."

"काय झालं, ताईबाई? त्रास देतो?" ब्रगांझांनी विचारलं.

"त्यो न्हाई, तुमी देताय! आमी घर हलवतोय. आमी कुत्र्याला पुण्याला न्ह्यावं, तर तुमी परत आणताय. सोलापूरला न्ह्यावं, तर परत आणताय. माजा संसार का पार्सल हाय, चुकलं म्हणून मूळ ठेसनाला धाडायला?"

खोलीत कुणी हसलं, कुणी हातातले पत्ते खाली ठेवले. ब्रगांझांनी मान डोलावली आणि तिथल्या तिथे फळ्यावर खडूने लिहिलं, की चांगदेवचा बावट्या कुठेही दिसला तर उचलू नये. ताईबाई बाराखडी रात्रीच्या वर्गात शिकली होती. तिने ते दोनदा वाचून घेतलं.

"पण ताईबाई," एक म्हातारा गार्ड जरा अवघडून म्हणाला, "हे दौंडपुरतं झालं. पुण्याचे गार्ड हाईत, मनमाडचे हाईत, वाडी जंक्शनचे हाईत. कुणाकुणाला सांगणार? आणि खरं सांगू, तो डब्यापाशी येऊन बसला आन् शेपटी उभी केली, तर कुणालाबी वाटणार, ह्याला घरी पोचवावा."

तो खरं बोलत होता. ताईबाई तशीच परत फिरली. रुळांच्या कडेने चालत येताना तिला पहिल्यांदा सरळ दिसलं, की या माणसांमध्ये वाईट एकही नाही आणि म्हणूनच सुटका नाही. वाईट माणसाला निदान शिवी देता येते.

घरी चांगदेव वाटच बघत होता. चेहरा उजळलेला. "अगं, सुचलं मला. मनमाड! तिथं आपला जुना वॉटरमन हाय, खोली बघून देतो म्हणतोय. हवा चांगली. फलाटबी..."

ताईबाईने हातातली पिशवी खाली ठेवली.

"मनमाडला रेल्वे हाय का?"

"हाय म्हंजी? मोठं जंक्शन हाय!"

"मग तिथलं गार्ड त्याला परत आणायचं न्हाईत व्हय?"

चांगदेवने बावट्याकडे पाहिलं.

"अवं, जरा डोकं चालवा. पुणं न्हाई, सोलापूर न्हाई, नगर न्हाई, मनमाड न्हाई. जिथं गार्डाचा डबा जातो तिथनं ह्यो परत येणार. मला एक गाव सांगा, जिथं रूळ न्हाई."

चांगदेव विचार करू लागला. ताईबाई बघत राहिली. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने त्याला इतकं अडलेलं पाहिलं नव्हतं. रूळ नसलेलं एकही गाव त्याला खरोखरच आठवेना.

"शिरूर," ती म्हणाली.

"शिरूर?" त्याला जणू कुणी समुद्रात राहायला सांगितलं. "तिथं ठेसन न्हाई!"

"तेच म्हणतीय मी."

"ज्या गावाला ठेसन न्हाई त्याला शहर म्हणायचं?"

"न्हाई म्हणायचं. गाव म्हणायचं. मी गावातलीच हाय. माझी थोरली भावजय हाय तिथं. दवाखान्यात आया म्हणून हाय, लेक सासरी गेल्यापास्नं एक खोली रिकामी. माझं तळेगाव एका एसटीवर. मला तिथं चार माणसं ओळखत्यात, आन् ती पेटीवाल्याची बायको म्हणून न्हाई, तळेगावची ताई म्हणून."

"हे तू आधी का न्हाई बोललीस?"

"इचारलं कवा?"

चांगदेव उठला, बावट्याजवळ गेला, त्याच्या मोडक्या कानामागे खाजवत बसला. मग म्हणाला, "कार्ड टाक तुझ्या वहिनीला."

कार्ड तिने स्वतःच्या हाताने लिहिलं. चौथ्या दिवशी वहिनीचं, मुक्ताबाईचं, उत्तर आलं, की वन्सं, खोली सारवून ठेवली आहे, कुत्रं चावत नसलं म्हणजे झालं.

एसटीचा कंडक्टर कुत्रं घेईना. तेव्हा मालधक्क्यावरून शिरूरला खताची पोती नेणाऱ्या ज्ञानूच्या ट्रकमध्ये सोय झाली. ३१ जुलैला सकाळी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लुगड्यात गुंडाळून ताईबाईने आपल्या मांडीवर घेतली, आणि किल्ली भैरूच्या बायकोच्या हातात दिली. "चुलीचा डावा दगड हलतो," तिने सांगितलं. "आन् सकाळच्या मेलच्या आधी कपडे आत घे."

ट्रकमध्ये चांगदेव मागे पोत्यांवर बावट्याला धरून बसला. चौफुल्याला गाडी उत्तरेकडे वळून रूळ ओलांडून गेली, तशी त्याने टपावर थाप मारली. ज्ञानूने घाबरून ब्रेक लावला.

"काय झालं मामा?"

"रूळ गेलं," चांगदेव म्हणाला.

"जाऊ द्या," ताईबाई पुढून ओरडली. "चल रे बाबा, ज्ञानू!"

न्हावऱ्याला चहा झाला. दुपारी शिरूर आलं. मुक्ताबाई दारात तांब्या घेऊन उभी होती. बावट्या उतरला, नाक वर करून त्याने चारी बाजूंनी हवा हुंगली. कोळशाचा वास नव्हता, वाफ नव्हती. तो दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला. चांगदेवही त्याच्या मागोमाग दोनदा जाऊन आला.

"वहिनी," शेवटी त्याने मुक्ताबाईला विचारलं, "हितनं जवळचं मोठं ठेसन कंचं?"

"दौंडच की, दाजी. नाहीतर पुणं."

"किती लांब?"

"असंल वीस कोस," ताईबाई सामान लावता लावता आतून म्हणाली. "चालत जायचं असंल तर आत्ताच निघा. भाकऱ्या बांधून देते. दोघांच्याबी."

पायरीवर बसून चांगदेवने चपला काढल्या. बावट्या त्याच्या पायाशी बरोबर उंबऱ्यातच आडवा झाला आणि डोळे मिटून घोरू लागला. ताईबाईला पाणी आणायला बाहेर जायचं होतं. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, पदर खोचला, घागर कमरेवर घेतली आणि दोघांना ओलांडून गेली.