सगुणाबाईची सपाट पायली

कोळवणच्या खोऱ्यातल्या सगुणाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिला हिशेब येत नाही असं तिच्या तोंडावर म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. घरातल्या मिरच्याही ती मोजून काढायची. नवरा कुशाबा म्हणायचा, हिच्या हातचं वाढणं म्हणजे रेशनचं दुकान. अशा बाईकडून एक माणूस सहा वर्षं राजरोस जास्तीचं भात नेत राहिला, तेही तिने स्वतः हळदकुंकू वाहिलेल्या खळ्यावरून. याचा तिला पुढे जन्मभर राग येत राहिला. हैबतरावांचा कमी, स्वतःचा जास्त.

हैबतराव गोड बोलणारे, सगळ्यांचे आबा. वैशाखात निम्म्या गावाच्या कणग्या तळाला जात, तेव्हा भात मिळायचं ते त्यांच्याच दारात, दिढीने. दोन पायल्या न्याव्यात, सुगीला तीन द्याव्यात. सगुणाबाई दरसाल आठ पायल्या आणायची, पाच कांडून खायला आणि तीन बियाण्याला. सुगीला बारा फेडायची. महाग होतं, पण कबूल केलेलं होतं, आणि कबूल केल्यावर कुरकुर करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

आता खळ्यावरची रीत सांगायला हवी. भाताची रास लागली की तिथे पायली सपाट करायची नाही. रास म्हणजे लक्ष्मी, तिच्या मापावर काठी फिरवली तर बरकत जाते. म्हणून पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं आणि प्रत्येक पायली शिगोशीग भरायची, दाणे कडेने ओघळेपर्यंत. घरातल्या कोठीत मात्र काठी फिरवून माप सपाट केलं तरी चालायचं. हैबतराव भात द्यायचे ते घरातून आणि घ्यायचे ते खळ्यावरून. यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. बायकांना तर नाहीच, कारण शीग मोडू नका म्हणून बजावणाऱ्या त्याच.

आणे जाऊन नवे पैसे आले त्या वर्षी सगळं गाव दुकानदाराशी एकेका पैशावरून भांडत होतं. त्याच सुगीत हैबतरावांचा गडी गाडी घेऊन खळ्यावर आला आणि पोती घरीच विसरला. सगुणाबाईने आपल्या दोन टोपल्या दिल्या. त्या टोपल्या तिच्या ओळखीच्या, दोन्ही एका मापाच्या. वैशाखात आठ पायल्या आणल्या की एक बरोबर काठाला लागायची. म्हणजे बारा पायल्यांना दीड टोपली पुरे. पण गडी ओतत गेला, दुसरी टोपली अर्ध्याच्या वर गेली, आणि बारावी पायली पडली तेव्हा ती भरायला जेमतेम चार बोटं उरली होती.

घरी येऊन तिने शेजारच्या गोजराबाईची पायली आणली, शिगोशीग भरली, वरची शीग काठीने सुपात पाडली. पुन्हा भरली, पुन्हा पाडली. चार शिगांची एक पायली झाली. बारा शिगांच्या तीन. म्हणजे आठ आणल्या होत्या आणि पंधरा गेल्या होत्या. कबूल केलेल्या बारांच्या वरच्या तीन पायल्या म्हणजे तर नेमकं तिचं बियाणं. ती सुपाशी बसून रडली. कुशाबाने काय झालं विचारलं, तर म्हणाली, “माझंच बी मी सा वर्सं उसनं आणतीया.”

पुढच्या वैशाखात ती गोजराबाईला बरोबर घेऊन हैबतरावांकडे गेली. काठी फिरली तेव्हा तिने साधेपणाने विचारलं की आबा, शीग राहू दिली तर नाही का चालणार. हैबतराव हसले. “घरातलं माप सपाटच असतंय, सगुणाबाई. रीतच हाय ती.” बरं, म्हणून ती निघाली.

त्या सुगीला तिने झोडणी हैबतरावांची गाडी यायच्या दोन दिवस आधी उरकली आणि सगळी रास घरात आणून टाकली. कुशाबाची झोप उडाली. आबांचं मन मोडलं आणि वैशाखात दार बंद झालं तर शेतात काय पेरायचं, असं तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. त्याचं भय खोटं नव्हतं, गावात दुसरं दार नव्हतं. सगुणाबाईलाही भीती होतीच. तरी तिने एक टोपली त्याच्या डोक्यावर दिली, अर्धी आपल्या, आणि गोजराबाईला हाक मारली.

हैबतराव ओसरीवर होते. कशाला एवढी ओझी वाहिली, गाडी आली असती की खळ्यावर, असं ते म्हणाले.

“घरातनं न्हेलं, घरात आणलं,” सगुणाबाई म्हणाली. “घरातलं माप सपाट असतंय, तुमीच सांगितलंत. काठी कुटं हाय, आबा?”

हैबतरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग गोजराबाईकडे. रीत त्यांचीच होती, मोडायची कशी? त्यांनी बारा वेळा काठी फिरवली. शेवटी म्हणाले, पुढल्या वैशाखात बघू. ती घरी आली, वाचलेलं तीन पायल्या बी कणगीत घातलं आणि कणगीचं तोंड शेणमातीने लिंपलं. लिंपताना तिला एवढा आनंद झाला की ती चक्क गाणं म्हणायला लागली, आणि तिचा आवाज फार वाईट होता.

वैशाखात हैबतरावांनी तिला तासभर उभं केलं, पण दिलं. सावकारालाही गिऱ्हाईक लागतंच. तिने पाचच पायल्या घेतल्या. पुढच्या वर्षी घरचं भात अर्धी पायली कमी पडलं, तर चार दिवस नाचणीवर काढले, पण त्या दारात गेली नाही. तोवर गावातल्या बायका सुगीला डोक्यावर टोपल्या घेऊन हैबतरावांच्या ओसरीवर रांग लावायला लागल्या होत्या. खळ्यावरची लक्ष्मीही कुणावर रुसली नाही.

आणखी दोन वर्षांनी हैबतरावांच्या कोठीत पाणी गळलं आणि सगळं आंबेमोहराचं बी कुजलं. चांगलं बी उरलं होतं ते सगुणाबाईच्या कणगीत. हैबतराव तिच्या ओसरीवर येऊन बसले, आठ पायल्या मागितल्या, आणि दिढीला आपण तयार आहोत हेही खाली बघत सांगून टाकलं. अर्धं गाव कुंपणाशी उभं होतं.

“दिढी न्हाई, सवाई. आठाच्या धा,” ती म्हणाली. “आन माप सपाट. देताना बी, घेताना बी.” तिने काठी त्यांच्याच हातात दिली.

सुगीला हैबतराव स्वतः गाडी घेऊन तिच्या दारात आले आणि दहा पायल्या मोजू लागले. नऊ सपाट घातल्या. दहावी शिगोशीग भरली आणि हात मागे घेतला. सगुणाबाईने काठी उचलली, शीग सुपात पाडली आणि ते सूप त्यांच्या गाडीत रिकामं केलं.