आतोबांचा सुधारित अंदाज

या देशाची अर्थव्यवस्था फक्त दोन माणसांना कळते असं आमच्या आतोबांचं ठाम मत आहे. त्यांतला दुसरा कोण, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, सांगलीच्या हळद बाजारात एका अडत दुकानात पारखी. शेतकऱ्याची हळद उतरली की पोत्यातलं एक हळकुंड कानाशी धरून मोडायचं आणि ते कसं वाजलं त्यावरून माल पहिल्या प्रतीचा की तिसऱ्या, हे सांगायचं. चांगली वाळलेली हळद खणखणीत मोडते, ओली असली की मऊ. त्यांच्या तोंडून प्रत निघाली की भाव ठरला. मी साताऱ्याची. शेतमालाच्या भावासाठी भांडणाऱ्या आमच्या गटाची पत्रकं लिहिते आणि सांगलीत काम निघालं की आत्याकडे उतरते. स्पष्टच सांगते, मला तज्ज्ञ या जातीचा राग आहे. टीव्हीवर आठ चौकटींत आठ कोट बसतात, त्यांतल्या एकाच्याही बोटाला कधी हळद लागलेली नसते (स्वतःच्या लग्नातली सोडून), आणि शेतकऱ्यानं काय करावं हे मात्र आठही जण सांगतात. पण आतोबांपुढं माझा संताप टिकत नाही. ते आठांचं काम एकटे करतात, तेही बनियनवर.

बाजारात तेजी आहे की मंदी, हे ओळखायला त्यांना आकडे लागत नाहीत, लग्नपत्रिका लागते. पत्रिका आली की मुहूर्त, नवरा-नवरी वगैरे किरकोळ मजकूर आत्यानं वाचायचा. आतोबा फक्त कागद चिमटीत धरून चोळतात. ‘‘पातळ हाय. औंदा बांधकामं थंडावणार.’’ एकदा अशाच एका जाडजूड पत्रिकेवरून त्यांनी गुळात मोठी तेजी सांगितली. गूळ पडला. मी दुसऱ्याच दिवशी सुनावलं, तर शांतपणे म्हणाले, ‘‘ती पत्रिका पुण्यात छापल्याली. तिथला कागद हितं लागू न्हाई.’’ मोठमोठ्या बँका तिमाहीला अंदाज सुधारतात. आतोबा चहाचा कप खाली ठेवायच्या आत सुधारतात.

तंत्रज्ञानावर तर त्यांचा विशेष अधिकार. शेजारच्या इंजिनियर पोरानं त्यांना एआय म्हणजे काय ते तासभर समजावलं. ऐकून म्हणाले, ‘‘कळलं. म्हंजे आमचे सासरे. कायबी इच्यारा, उत्तर तयार. आन् चुकलं तर आवाज आनिक गोड.’’

आतून आत्या कडाडली, ‘‘माझ्या वडलांना मधे आणायचं काम न्हाई! तुमीच जाऊन बसा की त्या यंत्रात, घरात तरी शांतता हुईल.’’

त्याच पोरानं घरपोच भाकरीचा धंदा काढायचं ठरवलं आणि कंपनीचं मूल्यांकन किती होईल असं विचारलं. आतोबांनी क्षणभर डोळे मिटले. ‘‘भाकरी गरम हाय तंवर लय हाय.’’

ही सगळी मतं ते टीव्हीशी भांडत मांडतात. टीव्हीचा आवाज असा, की समोरच्या इमारतीतल्या काकू स्वतःचा टीव्ही बंद करून अर्थसंकल्प आमच्याच घरातून ऐकतात. निवेदिका व्याजदराबद्दल विचारते, आतोबा कांदा निर्यातीवर उत्तर देतात. पण टीव्हीतले तज्ज्ञ तरी विचारलेल्याचं उत्तर कुठं देतात? त्यामुळे आम्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

अशात कवठे महांकाळच्या एक मावशी आमच्या गटाकडं आल्या. सांगलीच्या एका दुकानात त्यांची निम्मी हळद तिसऱ्या प्रतीत गेली होती. त्याच शेतातली, त्याच दिवशी वाळलेली उरलेली निम्मी दुसऱ्या दुकानात पहिल्या प्रतीत गेली. माझं डोकं फिरलं. वर्षभराचं शेत, आणि निकाल कुणाच्या तरी कानावर? हळद कुणी मोडली, हे मी विचारलंसुद्धा नाही. आम्हा पत्रकवाल्यांना व्यवस्था झोडायची घाई असते, माणूस राहून जातो. आत्याच्या स्वयंपाकघरातच मजकूर लिहिला, ‘कानावर भाव नको, यंत्र हवं!’ ओलावा आणि रंग मोजणारं यंत्र दुकानादुकानांत बसवा, ही मागणी.

सकाळी पाहते तर कागद लाल शाईनं रंगलेला. ‘‘आतोबा, हे काय?’’

‘‘बोथट व्हतं. धार लावली.’’

मथळ्याखाली त्यांनी आपल्या अक्षरात एक वाक्य घातलं होतं : ‘पारख्याची चूक पारख्याला कळत नाही, कारण त्याला तपासणारा कुणी नसतो.’

‘‘अहो, पण हे तुमच्याच पोटावर येतंय,’’ मी म्हणाले. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, टाळताहेत. मी पुन्हा, जरा चढ्या आवाजात म्हणाले.

‘‘कळतंय गं पोरी. वरडू नगंस.’’

पत्रक असं पेटलं की व्यापाऱ्यांना आम्हाला चर्चेला बोलवावंच लागलं. मावशी पहिल्या रांगेत बसल्या. आतोबांचे मालक उठले आणि म्हणाले, ‘‘यंत्र काय सांगणार? आमच्या पारख्याचा चाळीस वर्षांचा कान आहे. त्यांनाच विचारा!’’ सगळ्यांच्या माना आतोबांकडं वळल्या. ते कानाच्या बाजूनं बोलले तर मावशींचा माल कायमचा तिसऱ्या प्रतीत. यंत्राच्या बाजूनं बोलले तर त्यांची चाळीस वर्षं मोडीत. आणि दोन्हीकडं ढकलणारी मी.

आतोबा उठले, सरळ मावशींपुढं जाऊन उभे राहिले आणि टोपी काढली.

‘‘ताई, तुमची हळद मीच मोडली व्हती. आवाज आला न्हाई, म्हणून तिसरी म्हणलो. हळद वाजली असंल. मला ऐकू आलं न्हाई.’’

मालकांनी हळूच विचारलं, ‘‘कवापास्नं?’’ आतोबांनी कानामागं हात नेला. मालकांना पुन्हा ओरडून विचारावं लागलं.

‘‘दोन सुग्या झाल्या.’’

‘‘आवं, मग तवाच बोलायचं न्हाई व्हय?’’ मावशी म्हणाल्या. ‘‘पोरावानी जपल्याली हळद माझी!’’

‘‘व्हय. चुकलं,’’ आतोबा म्हणाले. चुकल्यावर सुधारित अंदाज न देण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

मालकांनी मावशींना भावातला फरक द्यायचं तिथल्या तिथं कबूल केलं आणि यंत्रही आलं. आतोबा त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. यंत्रानं प्रत दाखवली की शेतकरी अजून त्यांच्याच तोंडाकडं बघतात. ते मान हलवतात, मगच पोतं हलतं. ‘‘यंत्र हुशार हाय,’’ असं ते सांगतात, ‘‘पर अनुभव कमी.’’ कानाचं मशीन घ्या म्हणून आत्या मागं लागली आहे. त्यावर त्यांचं मत असं, की त्याच्या किमती पडणार आहेत, थांबलेलं बरं.

फक्त सकाळच्या चहाला अजून त्यांच्या खिशातून एखादं हळकुंड निघतं. ते कानाशी नेतात, मोडतात आणि माझ्याकडं बघतात. ‘‘कसं?’’

पत्रकात मी एक अक्षर खोटं छापलेलं नाही, छापणारही नाही. पण खिशातल्या घामानं ते हळकुंड बहुतेक वेळा मऊच मोडतं.

‘‘खणखणीत!’’ मी ओरडून सांगते.

आतोबा खूश होतात आणि औंदा बाजार कसा वर जाणार, ते पाच मिनिटं मला समजावतात. तो अंदाज खरा ठरला का, हे मी अजून एकदाही तपासलेलं नाही.