साहेबांना खाडीत उतरवलं तेव्हा
माझी आई ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची आणि रत्नागिरीच्या बाजारात विकायची. वर माळावर रंगाचा कारखाना आला, त्याचं लाल पाणी वहाळातून खाडीत यायला लागलं आणि आईच्या पोटऱ्यांवर फोड उठले. मी तिला घेऊन कारखान्याच्या मॅनेजरकडे गेले. त्याने टेबलापलीकडूनच तिचे पाय पाहिले.

"खाऱ्या पाण्यात उभं राहिलं की असं होणारच. मावशी, धंदा बदला," म्हणाला आणि हसला.

मी रसायनशास्त्र शिकले ते त्या हसण्यावर डूख धरून. पुढे कॉलेजात शिकवताना प्रयोगशाळेत करवंट्यांचा कोळसा केला, कुटला, धुतला, पुन्हा तापवला आणि काचेच्या नळीत भरला. वरून वहाळाचं पाणी ओतलं. रंग कोळशाला चिकटून राहिला, खाली नितळ पाणी ठिबकलं. हातात कोयता आल्यासारखं वाटलं मला.

प्रदूषणाच्या सुनावणीत मॅनेजर म्हणाला, "पाणी शुद्ध करणं आम्हाला परवडत नाही."

मी सगळ्यांदेखत नळी उभी केली आणि वहाळाचं लाल पाणी नितळ करून दाखवलं.

"आत काय भरलंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"करवंट्या. कुणीही फुकट देईल."

रंग काढा, नाहीतर टाळं लावू, असा हुकूम निघाला. मग मॅनेजर कॉलेजात आला. "मॅडम, तुम्हीच उभारून द्या हे."

"देते. आधी आमच्या खाडीत उतरा. आईसमोर."

त्याला ती थट्टा वाटली. मी हसले नाही, तेव्हा त्याला कळलं.

तो आला. बूट काढले, पँट दुमडली, घोट्याएवढ्या लाल पाण्यात थांबला. "बास ना?"

काठावरून आई म्हणाली, "वायच आनखी आत जावा, सायेब. तिसऱ्या तितं गावतात."

तो गुडघ्यापर्यंत गेला. भरती लागेपर्यंत आम्ही त्याला हलू दिलं नाही. बाहेर आला तो पाय खाजवतच. मी डोळे भरून पाहिलं. लाज वाटायला हवी होती, असं नवरा नंतर म्हणाला. नाही वाटली.

कोळशाच्या टाक्या मी उभारून दिल्या, कारण पाणी आमच्याच खाडीत येणार होतं. रंग शोषलेला कोळसा खाडीत न फेकता भट्टीतच जाळतात ना, हे अजून अचानक जाऊन बघते. तिसऱ्या थोड्या थोड्या दिसू लागल्यात.

परवा बाजारात मॅनेजरने मला हात जोडले. मी कोळणीला बांगड्यांचा भाव विचारत राहिले.