गिरणीला आतून लावलेला जोर

कोणतीही जड वस्तू, तिला कितीही नम्र शब्दांत विनंती केली तरी, जागची हलत नाही, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी समजले.

तत्पूर्वी माझी समजूत निराळी होती. निपाणीत कचेरीसमोरच्या चिंचेखाली माझे टेबल आहे आणि त्या टेबलावरून गेली तीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहितो. उताऱ्यावरील नावाची दुरुस्ती, वारसाची नोंद, गटारीची तक्रार! माझ्या लेखणीने भलेभले अधिकारी खुर्चीवरून हलविले आहेत. (एक साहेब तर माझा अर्ज वाचता वाचता जेवायलाच निघून गेले.) एका पक्षकाराच्या छपराचा पत्रा फुटला, तेव्हा 'सदर नारळाने कोणतीही पूर्वसूचना न देता खाली येऊन' हे वाक्य मीच लिहिले होते. तेव्हा गुरुत्वाकर्षण मला नवखे होते असे कुणी समजू नये. शिक्षण म्हणाल तर नववी पास. दहावीत शास्त्र या विषयाशी माझे मतभेद झाले आणि शाळेला मी माझ्याविना चालू द्यायचे ठरविले.

आमच्या सौभाग्यवती शालन यांना गिरणी काढायची होती. आमच्या गल्लीतल्या बायका दळणाचा डबा डोक्यावर घेऊन हायवेच्या पलीकडे जातात, हे तिला बारा वर्षे खुपत होते. बचत गटाच्या बायकांनी मिळून यंत्र घेतले, जागा आमची. विजेच्या मीटरसाठी मी सात अर्ज लिहिले. आठव्या खेपेस शालन स्वतः जाऊन त्या कचेरीत दिवसभर बसली आणि त्याच दिवशी मीटर मंजूर झाला. हा योगायोग मी आजवर कुणाला समजावून सांगू शकलेलो नाही!

गिरणीसाठी आमची पुढची खोली ठरली. त्या खोलीत माझ्या अर्जांच्या स्थळप्रतींचे गठ्ठे होते. मी तीव्र हरकत नोंदवली. शालनने ती ऐकून घेतली आणि गठ्ठे माळ्यावर टाकले. फक्त दोन गठ्ठे कोपऱ्यात राहिले.

यंत्र बसविणारा मेस्त्री बेळगावजवळच्या काकतीचा. त्याने फोनवर बजावले होते, "सोमवारी सकाळी नवाला येतो. गिरण खोलीत जाग्यावर पायजे वैनी. न्हायतर मी तसाच फुडं जाणार, मग दिवाळीनंतरच बघू." इकडे दसऱ्याचे दळण आपल्याच गल्लीत होणार, असा शब्द शालनने घराघरांत देऊन ठेवला होता. म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत गिरणी आत गेली नाही, तर तिचा शब्द खाली पडणार होता.

रविवारी दुपारी दोनला टेम्पो आला. चौघांनी फळ्या लावून यंत्र कट्ट्यावर उतरवले आणि टेम्पोवाला निघून गेला. कट्ट्यापासून खोलीचे दार फक्त सहा हात. उंबरा आदल्या दिवशीच काढून टाकला होता. अंतर पाहून मी बाह्या सरसावल्या.

"अवो, तुमी बसा की तिकडं," शालन म्हणाली. "बसवण्णा हायत, मारुतीभावजी हायत. करत्यात ती."

"मार्गदर्शनाशिवाय?" मी विचारले.

बसवण्णा म्हणजे शेजारचे वेल्डिंगवाले, घरी कन्नड बोलणारे. त्यांच्यासोबत त्यांचा भाऊ होता. मारुती म्हणजे समोरचा दूधवाला, तोही भावाला घेऊन आलेला. ही चार माणसे, दाराशी आमची लेक अश्विनी (बेळगावच्या कॉलेजात बी.एस्सी. करते) आणि बचत गटाच्या अध्यक्ष आक्काताई, एवढ्यांसमोर मी पहिला निर्णय जाहीर केला. यंत्राला अडविते ते घर्षण. तेव्हा घर्षणाचाच बंदोबस्त करावा. मी एक बादली साबणाचे पाणी सबंध कट्ट्यावर ओतले.

"आप्पा!" अश्विनी ओरडली. "सगळीकडं कशाला ओतलासा? ढकलणाऱ्यांच्या पायाखाली घर्षण लागतंय की!"

"पायांसाठी वेगळा नियम आहे का?"

"न्हाय. तोच हाय. म्हणून तर!"

चौघांनी जोर लावला. गिरणी होती तिथेच राहिली. मात्र बसवण्णा मागे, आणखी मागे, असे अत्यंत संथ गतीने कट्ट्याच्या टोकापर्यंत गेले आणि अदृश्य झाले. खाली गटार आहे. (त्या गटारीविषयीची तक्रार माझीच, अद्याप प्रलंबित.)

"रायटर्रे," गटारीतून त्यांची कन्नड वळणाची हाक आली, "मशीन हाललं काय?"

"अद्याप नाही."

"मग मी कशाला हाललो?"

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर अश्विनीकडे होते, पण ती हसत असल्यामुळे ते मिळू शकले नाही.

बसवण्णा वर आले आणि घसरत-सावरत चौघांनी गिरणी कशीबशी दारापासून हातभर अंतरावर आणली, तिथे ती पुन्हा अडली. आता माझ्या लक्षात आले की कमतरता शिस्तीची आहे. सगळे एकाच वेळी ढकलत नव्हते. मी खोलीत गेलो. कोणतीही गोष्ट रवाना करायची तर पलीकडे ती स्वीकारणारा जबाबदार माणूस लागतो, हा कचेरीचा अनुभव. तिथून मी रचना सांगितली. कन्नड मंडळी डावीकडे, मराठी मंडळी उजवीकडे, आणि मी आकडे मोजणार. वास्तविक चौघांनाही दोन्ही भाषा येतात. एकमेकांना शिव्याही ते सोयीच्या भाषेत देतात. परंतु तीस वर्षांत मी एकही कागद एकाच भाषेत केलेला नाही. मराठीत सांगून कन्नडला वगळणे माझ्या शिस्तीत बसेना. मी घसा साफ केला.

"एक! दोन! तीन!"

मारुतीने आणि त्याच्या भावाने सर्व शक्तीनिशी ढकलले. बसवण्णा आणि त्यांचा भाऊ आपल्या पाळीची वाट पाहत अदबीने उभे राहिले. यंत्राची उजवी बाजू पुढे आली, डावी मागेच राहिली आणि सबंध गिरणी दारात गर्रकन तिरपी झाली.

"ओंदु! एरडु! मूरु!"

आता डावीकडच्यांनी ढकलले. तिरपी गिरणी चौकटीत अशी काही घट्ट बसली, की जणू सुताराने मापे घेऊनच ती तिथे ठोकली होती!



"दोनदा कशाला मोजलासा ओ?" शालनने विचारले.

"दोन प्रती," मी म्हणालो.

त्या खोलीला दुसरे दार नाही. गज लावलेली एक खिडकी आहे. थोडक्यात, गिरणी अर्धी आत होती आणि मी पूर्ण आत होतो. तीन वाजले होते. खिडकीतून शालनचा चेहरा दिसला. ती रागावली असती तर मी उत्तर तयार ठेवले होते. पण ती नुसती गिरणीकडे बघत होती आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. आक्काताई तिला हळूच म्हणाल्या, "शालू, मेस्त्रीला फोन करून सांगूया काय, उद्या येऊ नको म्हणून?"

"थांबा जरा," शालन म्हणाली. पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता.

तो आवाज मला सहन झाला नाही. मी मनाशी ठरवले की आता बोलायचे नाही, करायचे. बाहेर चौघे पुन्हा जोर लावू लागले होते. मीही गुपचूप गिरणीला पाठ लावली, समोरच्या भिंतीला पाय रोवले आणि कुणालाही न सांगता, श्रेयाची अपेक्षा न धरता, जीव खाऊन ढकलू लागलो. खोली लहान असल्याचा असा फायदा मला प्रथमच झाला. घाम डोळ्यांत उतरला. बाहेरून "हुं... हुं..." ऐकू येत होते, आत मी "हुं" करीत होतो. अर्धा तास गेला. गिरणी सुताएवढीही हलली नाही.

"कायतरी आतनं अडालंय," मारुती धापा टाकीत म्हणाला. "जरा जातीया, की लगीच परत येतीया."

अश्विनी खिडकीशी आली. तिने माझा भिजलेला सदरा पाहिला.

"आप्पा, काय करालायसा?"

"मदत," मी नम्रपणे म्हणालो.

"कुठनं ढकलालायसा?"

"आतून."

"आणि आमी?"

"बाहेरून."

तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा दाराकडे पाहिले. बाहेर मारुतीने तोंड सोडले. ते शब्द अर्जात लिहिण्याजोगे नाहीत.

"पण माझ्या एकट्याचा जोर चौघांना पुरून उरला, हे लक्षात घ्यावे," मी खिडकीतून निदर्शनास आणले.

"तुमी भिंतीला पाय लावलासा आणि ती साबणावर उभी हायत!" अश्विनीने कपाळावर हात मारला. "आई, आप्पांना पयला थांबव!"

"हे बगा," शालन खिडकीशी येऊन म्हणाली. पदर आता तिने कमरेला खोचला होता. "तुमी खाली बसा. मांडी घालून. आणि हात मांडीवर ठेवा. काय करू नका. कायच न्हाय!"

मी बसलो. तीस वर्षांच्या सेवेत मला इतका स्पष्ट आदेश कुठल्याही कार्यालयाकडून मिळालेला नव्हता.

पुढची सूत्रे त्या दोघींनी घेतली. "पायाखाली कायतरी कोरडं पायजे," अश्विनी म्हणाली, आणि तिची नजर माझ्या मागच्या कोपऱ्यातल्या दोन गठ्ठ्यांवर स्थिरावली. मी म्हणालो, "ते नाही." शालन म्हणाली, "तेच." गजांमधून मी स्वहस्ते एकेक कागद बाहेर दिला. बायकांनी ते ओल्या कट्ट्यावर पसरले आणि बसवण्णा त्यावर पाय रोवून उभे राहिले. घसरले नाहीत! गेल्या तीस वर्षांत माझ्या अर्जांचा आधार घेऊन कुणी खंबीरपणे उभे राहिल्याचे ते पहिलेच उदाहरण होय.

"आता गिरणीखाली गोल कायतरी," अश्विनी म्हणाली. "पाइप हाय काय कुणाकडं?"

"पाइप कशाला?" आक्काताई म्हणाल्या. "लाटणी घालूया की!"

पाच मिनिटांत गल्लीतल्या प्रत्येक घरातून लाटणे आले. शिसवी, बाभळीची, एक लग्नात आलेले रंगीत. बसवण्णांनी दुकानातून पहार आणली. अश्विनीने पहारेखाली वीट ठेवून लांबचे टोक आक्काताईंच्या हाती दिले. ज्या गिरणीने चार पुरुषांना घाम फोडला होता, तिचा काठ आक्काताईंनी एका हाताने उचलला, दुसऱ्या हाताने पदर सावरला आणि विचारले, "एवढंच व्हय?" लाटणी एकामागून एक खाली सरकली.

"आता मोजणार कोण?" मारुतीने विचारले.

मी खिडकीत उठून उभा राहिलो.

"बसा!" एकदम सात-आठ आवाज आले. दोन्ही भाषांत.

शालनने घरातून पितळी थाळी आणि उलथने आणले. "मोजायचं न्हाय कुनी. थाळी वाजली की ढकला." तिने ठण्णकन थाळी वाजवली. चौघांनी एकदम ढकलले, डाव्यांनी जरा जास्त, आणि तिरपी गिरणी चौकटीतून सुटून सरळ झाली! गल्लीत ओरडा झाला. शालनने दुसऱ्यांदा थाळी वाजवली. आनंदाच्या भरात जरा जोरातच.

लाटण्यांवरची गिरणी ही काय चीज असते, हे ती समोरून येताना पाहिल्याशिवाय कळत नाही. जी वस्तू दोन तास हलायला तयार नव्हती, ती आता थांबायला तयार नव्हती. मी मांडी सोडली, खिडकीच्या कट्ट्यावर चढलो, गज धरले आणि ओरडलो, "स्थगिती! स्थगिती द्या!"

"लाटणी काढा म्होरली!" अश्विनी किंचाळली. मारुतीने दारातूनच पालथे पडून पुढची दोन लाटणी ओढली. गिरणीचे बूड फरशीवर टेकले, घर्षणाने आपले काम केले आणि माझ्या पायांपासून एक वीत अंतरावर गिरणी थांबली. नेमकी शालनने आधीच खडूने आखून ठेवलेल्या चौकोनात! साबणाच्या पाण्याने मी ज्याचा बंदोबस्त केला होता, त्या घर्षणाची मी मनोमन माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री नवाला आला. त्याने गिरणी पाहिली आणि विचारले, "कुणी बसवली ओ ही? एकदम मापात हाय." शालनने थाळीकडे पाहिले, लेकीने आईकडे पाहिले, माझ्याकडे कुणीच पाहिले नाही. दसऱ्याआधी आठ दिवस पहिले दळण निघाले. ते आक्काताईंच्या जोंधळ्याचे होते. गरम पीठ हातात घेऊन शालन जी हसली, तसे हसू मी गेल्या बारा वर्षांत पाहिले नव्हते. गल्लीतली लाटणी ज्याच्या त्याच्या घरी परत गेली. आमच्या घरी मात्र चुकून ते लग्नातले रंगीत आले आहे, आणि शालन ते माझ्यासमोरच टांगून ठेवते.

आता गिरणी उत्तम चालते. इतकी, की पुढच्या महिन्यात शेजारच्या खोलीत मिरचीचे कांडप यंत्र यायचे आहे. ते यंत्र गिरणीपेक्षाही जड आहे म्हणतात. मी मार्गदर्शनाची तयारी दर्शवली होती. त्यावर घरात रीतसर बैठक झाली आणि त्या दिवशी मी पार गोव्याच्या हद्दीजवळ कणकुंबीला मेव्हण्याकडे मुक्कामाला जावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

"एवढ्या लांब कशाला?" मी विचारले. "अलीकडे बेळगावजवळ पिरनवाडीत माझी मावशी आहे की."

अश्विनीने वहीत काहीतरी गणित केले, क्षणभर विचार केला आणि मान हलवली. "न्हाय आप्पा. पिरनवाडीपातूर तुमचा जोर पोचतोय."