दुपारची पट्टी

माझे यजमान अल्कोहोलच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. हे अल्कोहोल पिण्याचे नव्हे. खनिज तेलापासून मिळणारा वायू गंधकाच्या तेजाबात मुरवायचा, मग पाणी घालून उकळायचे, की ते वाफेबरोबर निघते. सुई टोचण्याआधी कापसाला लावतात ते. अत्तरवालेही घेतात. शुद्धता यंत्रे सांगत, वास मात्र यांचे नाक सांगे. कागदाची पट्टी नमुन्यात बुडवायची, वाळू द्यायची आणि हुंगायची. माल बिघडला असेल तर पट्टीवर लसणासारखा वास मागे राहतो. यांनी होकार दिल्याशिवाय एक पिंप हलत नसे. सगळे त्यांना नाकसाहेब म्हणत.

निवृत्तीला चार वर्षे असताना एका तापानंतर यांना वास येईनासा झाला. मला कळले ते दूध करपले तेव्हा. हे शेगडीशेजारीच पेपर वाचत बसले होते.

"अहो, नाक कुठे ठेवून आलात?"

"तेच शोधतोय," ते म्हणाले. "महिना झाला."

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगून काय करू? नाक नसेल तर माझं तिथे काय काम?"

आम्ही कारखान्याच्या वसाहतीतच राहत होतो. दुसऱ्या दिवसापासून हे जेवायला येताना खिशात नमुन्याची झाकणाची बाटली आणि कोऱ्या पट्ट्या आणू लागले. मी हुंगायची.

"अर्धाच श्वास घे. बाजारात खरबूज हुंगतेस तसं नको."

कामाच्या दिवशी दुपारपर्यंत घरात लसूण सोलायचा नाही, असा नियम ठरला. तीन वर्षे तो पाळला. मी माझ्या डायरीत रोज एकच शब्द लिहिला, 'स्वच्छ'. दोनदा 'लसूण' लिहिले. दोन्ही वेळा पिंपे थांबली आणि यांची वाहवा झाली.

मग एका मंगळवारी मुलीचे सासू-सासरे रात्री जेवायला येणार होते. कामे उरकेनात, म्हणून मी सकाळीच लसूण सोलून ठेवला. दुपारी पट्टी नाकाशी धरली तर लसणाचा वास आला. हात साबणाने दोनदा धुतले, पट्टी पुन्हा हुंगली. वास होताच. तो माझ्याच बोटांचा, असे मी धरून चालले. सकाळचे यांना सांगितले नाही.

"स्वच्छ," मी म्हटले.

"नक्की?"

"नक्की."

आठवड्याने चाळीस पिंपे अत्तराच्या कारखान्यातून परत आली. साहेबांनी विचारले, "तुम्हाला वास आला नाही?"

"नाही आला," हे म्हणाले. "तीन वर्षं येत नाही."

माझे नाव त्यांनी घेतले नाही. त्याच दिवशी त्यांची बदली फाटकावर झाली, टँकरचे नंबर लिहायला. संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढता त्यांनी मला एवढेच विचारले, "लसूण सोलला होतास?"

"हो."

"तरीच."

पुढे निवृत्तीपर्यंत आणि त्यानंतरही तो विषय निघाला नाही.

फाटकावरच्या पहिल्या दिवशी ते दुपारी जेवायला आले. मी सवयीने हात साबणाने धुऊन, कोरडे करून टेबलाशी बसले होते. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले.

"वाढ," ते म्हणाले.

मी वाढले. डायरीत त्या तारखेला भाजी लिहिली आहे, घेवड्याची. तिच्यात लसूण होता.