भावोजींचं रेकॉर्डिंग

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका समोरच्याचा अंत पाहणारा माणूस ठाण्यापासून शहाडपर्यंत शोधून सापडायचा नाही. आमच्या कोपरच्या घरात जावई म्हणून त्यांना मान, त्यामुळे त्यांना कुणी काही बोलायचं नाही आणि ते मात्र बोलायचे थांबायचे नाहीत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी गाणी रेकॉर्ड करायला कॉम्प्युटर घेतला आणि त्या दिवसापासून साधं मराठी सोडलं. बहीण रागावली की म्हणायचे, "अगं, तुझा ट्रॅक म्यूट केलाय मी, उगाच दमू नकोस." माझ्या लग्नाच्या पंगतीत वाढपी तीनदा जिलेबी घेऊन फिरकला, तर "हा लूपवर लागलाय" म्हणून हसले, एकटेच हसले. वडिलांच्या तोंडून रागाच्या भरात एखादा शब्द गेला की हे शांतपणे सुचवायचे, "अनडू करून टाका, मामा." वडील माझ्याकडे बघायचे आणि मी छताकडे.

नौपाड्यात फ्लॅट बघताना त्यांनी प्रत्येक रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून टाळ्या वाजवल्या. दलाल बिचारा आधी घाबरला, मग तोही वाजवायला लागला. "रिव्हर्ब फार आहे" म्हणत चार हवेशीर फ्लॅट नाकारले आणि मागच्या बाजूचा अंधारा घेतला, कारण तिथे टाळी घुमत नव्हती. तेवढ्यानेही समाधान होईना, म्हणून पाहुण्यांच्या गाद्या भिंतींना ठोकल्या. पाहुणे झोपायचे चटईवर. रेकॉर्डिंग चालू असलं की पंखा बंद, कुकर बंद, फ्रिजसुद्धा बंद. ऐन मे महिन्यात फ्रिजमधलं सगळं दूध नासलं तेव्हा बहीण तडक माहेरी निघून आली. हे तिला न्यायला आले, पण हातात मायक्रोफोन. आमच्या विहिरीच्या रहाटाच्या आवाजाचं सॅम्पल घ्यायचं होतं म्हणे. रहाट तासभर फिरवून घेतला माझ्याकडून.

अशा माणसाच्या विनवण्या करायची वेळ माझ्यावर आली ती आत्यामुळे. आत्या आमच्या गावची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळद लावताना धवले गाऊन देवांना आणि पितरांना बोलावते ती. तिचे सगळे धवले तोंडी, कागदावर एक ओळ नाही. आणि तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील की जाईल, हे डॉक्टरही सांगेनात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिला आणि तिची जोडीदारीण धर्मामावशी हिला घेऊन नौपाडा गाठला.

भावोजींनी आत्याला बाहेरच्या आणि मावशीला आतल्या खोलीत, वेगवेगळ्या माइकसमोर बसवलं. "प्रत्येकीचा ट्रॅक वेगळा. आधी आत्या एकट्या गातील, मग मावशी. मिक्सिंगमध्ये जुळवतो मी." आत्याने हेडफोन काढून बाजूला ठेवला. "धवल्याची एक वल मी गाते, दुसरी ती उचलते. ती नय त मी कुनासाठी थांबू?" अर्धा तास हुज्जत घालून दोघींना बाहेरच्या एकाच माइकसमोर आणलं, तर आत्याने खोलीभर नजर फिरवली. "नवरा कुठं हाय? नवऱ्याबिगर धवला कोन गातं?"

मी कपाळाला हात लावला. बहीण म्हणाली, "यांनाच बसवा पाटावर. यांची हळद राहिलीच आहे."

ते खरं होतं. लग्नाच्या तोंडावर भावोजींची आई गेली, म्हणून लग्न कचेरीत सह्या करून उरकलं होतं. तर आता चाळिशी उलटलेले भावोजी पाटावर, गालांना हळद, गळ्यात हेडफोन. मशीन चालू करून बसले. नवऱ्याने मध्ये उठायचं नाही, अशी आत्याची ताकीद. तिने गायला सुरुवात केली, मावशीने उचललं. देव आले, गावदेवी आली, पितर आले. मग आत्याने भावोजींच्या आईचं नाव घेतलं आणि तिला लेकाच्या हळदीला बोलावलं. गाण्यातले श्वाससुद्धा कापून टाकणारा तो माणूस हुंदके देऊन रडला.

गाणं संपलं. भावोजींनी पिवळ्या बोटांनी माउस हलवला. रेकॉर्डिंगआधी त्या त्या माइकचा ट्रॅक निवडून तयार ठेवावा लागतो; त्यांनी ठेवला होता आतल्या खोलीतल्या माइकचा. आत कुणीच नव्हतं. पडद्यावर नुसती सरळ रेघ होती, आवाजाची एक लहरही नाही.

मी त्यांना काय काय बोललो ते सांगत नाही. जावयाचा मान त्या दिवशी संपला. पुन्हा गायला सांगितलं तर आत्या म्हणाली, "एका नवऱ्याला एकदाच." माझी हळद कधीच झाली होती, तरी मी स्वतः पाटावर बसायला निघालो, पण तिचा घसा पार बसला होता. ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र गेला.

पुढे दर रविवारी भावोजी कोपरला यायला लागले, मशीनबिशीन काही न घेता. आत्यासमोर मांडी घालून तो एक धवला आठवेल तसा गायचे. आवाज भयंकर. बाप्यामाणसाने धवला गाणं म्हणजे गावाला फुकटची करमणूक. खिडकीशी बाया पदर तोंडाला लावून उभ्या. चुकले की आत्या त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायची, मावशी ओळ दुरुस्त करायची आणि हे पहिल्यापासून सुरू. मला वैताग यायचा आणि, खरं सांगतो, मायाही यायची. पावसाळा संपेपर्यंत चापटी थांबल्या. त्या दिवशी पहिली ओळ ते गायले आणि दुसरीला मावशीआधी आत्याचेच ओठ हलले.